पुस्तकातले पाणी

‘पदार्थ’ हा शब्द आपण किती निरनिराळ्या अर्थांनी वापरतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ‘सणाला चार पदार्थ केले’ असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर ताट असते. ‘पदार्थविज्ञान’ म्हणताना प्रयोगशाळा असते. हा शब्द मुळात फोडून पाहिला तर त्यात ‘पद’ आणि ‘अर्थ’ असे दोन भाग मिळतात. पदाचा अर्थ तो पदार्थ. ज्याला नाव देता येते ते सारे पदार्थ, अशी वैशेषिक दर्शनाची धारणा होती. म्हणजे वस्तू आणि शब्द यांची गाठ या एका शब्दात पक्की मारलेली आहे. आयुष्याची बरीच वर्षे शब्दांच्या संगतीत काढलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द आवडावा, यात नवल नाही.

सातवीत शिकणारी माझी भाची ‘पदार्थाच्या अवस्था’ असा प्रकल्पाचा विषय घेऊन घरी आली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “मामा, कुठल्या पदार्थाच्या?” मला तो प्रश्न फार योग्य वाटला. एरवी या प्रकल्पाचे काय होते, हे तुमच्यापैकी ज्यांची मुले शाळेत जातात त्यांना सांगायला नको. स्टेशनरीच्या दुकानात छापील चित्रांचा कागद मिळतो. त्यावर एक दगड, एक पेलाभर पाणी आणि एक फुगा असतो. चित्रे कापायची, कार्डशीटवर चिकटवायची, खाली स्केचपेनने ‘स्थायू, द्रव, वायू’ असे लिहायचे, की प्रकल्प पूर्ण. या साऱ्या उद्योगात कात्री आणि डिंक यांची ओळख घट्ट होते. दगड, पाणी आणि हवा मात्र आहेत तिथेच राहतात.

या वेळी शाळेच्या सूचनेत एक ओळ निराळी होती. घरात घडणारे अवस्थाबदल प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंद करावी, असे तिच्यात म्हटले होते. ज्या कुणी शिक्षकांनी ती ओळ लिहिली त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. त्या एका ओळीमुळे पुढचे तीन आठवडे पुण्यातल्या माझ्या बहिणीचे स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा झाली आणि माझी आई, म्हणजे मुलीची आजी, त्या प्रयोगशाळेची अनधिकृत प्रमुख झाली. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे, बालपण कोकणातले. विज्ञान हा विषय तिच्या वाट्याला कधी आला नाही, असे आम्ही सगळे आणि तीही समजत होतो.

पहिला अडथळा व्याख्येचाच आला. मुलीने पाठ केलेले वाक्य म्हणून दाखवले. स्थायूला स्वतःचा आकार असतो. द्रवाला नसतो, तो भांड्याचा आकार घेतो. आई तांदूळ निवडत होती. तिने ताटातले तांदूळ डब्यात ओतले आणि सहज विचारले, “मग हे काय? यांनी नाही का घेतला डब्याचा आकार?”

तुम्ही या प्रश्नाचे काय उत्तर द्याल? क्षणभर थांबून विचार करा. तांदूळ ओतता येतात, रवा ओतता येतो, वाळू तर घड्याळात वाहते. तरी यांपैकी काहीही द्रव नाही, हे आपल्याला आतून ठाऊक असते. पण ‘का नाही’ हे पाठ केलेल्या वाक्यातून निघत नाही. मुलीने दोन ताटल्या घेतल्या. एकीत वाटीभर रवा ओतला, दुसरीत वाटीभर पाणी. रव्याचा ढीग झाला. पाण्याचा झाला नाही. ढीग होतो याचा अर्थ आतले कण एकमेकांना अडवून धरतात आणि प्रत्येक कण आपला आकार राखून असतो. भिंगातून पाहिले तर रव्याचा प्रत्येक कण हा छोटासा दगडच. पाण्याला असे अडून राहणे जमत नाही. ते सपाट होईपर्यंत पसरते. वहीच्या पहिल्या पानावर मुलीने व्याख्येखाली स्वतःचे एक वाक्य लिहिले: ‘द्रवाचा ढीग होत नाही.’ हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल, असे माझे मत आहे.

आता थोडे शब्दांविषयी, कारण तो माझा प्रांत आहे आणि तुमच्याही अभ्यासाचा भाग आहे. ‘द्रव’ हा शब्द संस्कृतातील ‘द्रु’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ धावणे, वाहणे. ‘वायू’ हा ‘वा’ या धातूपासून, म्हणजे वारा वाहतो त्या वाहण्यापासून. ‘स्थायू’च्या पोटात ‘स्था’, म्हणजे उभे राहणे, टिकणे हा धातू आहे आणि त्याचे रूप ‘वायू’च्या जोडीला बसावे असे आहे. एक धावणारा, एक वाहणारा आणि एक जागेवर उभा. तीन अवस्थांची नावे म्हणजे खरे तर हालचालीचे तीन प्रकार होत. आधुनिक विज्ञान कणांच्या हालचालीवरूनच या अवस्था समजावून देते. स्थायूतले कण जागच्या जागी थरथरतात, द्रवातले एकमेकांना न सोडता सरकत राहतात, वायूतले मोकाट सुटलेले असतात. नावे ठेवणाऱ्यांना कणांची ही कथा सुचवायची होती असे मी म्हणणार नाही. व्युत्पत्तीच्या बळावर असले दावे करण्याचा मोह भाषेच्या अभ्यासकाने आवरायला हवा.

‘गॅस’ या शब्दाची गोष्ट आणखी गमतीची आहे. सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट या ब्रुसेल्सच्या रसायनज्ञाने ‘केऑस’ या ग्रीक शब्दावरून तो बेतला. केऑस म्हणजे सृष्टीच्या आरंभीची अव्यवस्था. हा शब्द मराठीत आला आणि आपण त्याला थेट ओट्यावर बसवले. ‘गॅस बंद कर’ असे आपण म्हणतो तेव्हा शेगडी बंद करायची असते. ‘गॅस संपला’ म्हणतो तेव्हा सिलिंडर संपलेला असतो. आणि त्या सिलिंडरमध्ये प्रामुख्याने काय असते? द्रव. घरगुती सिलिंडरमधले १४.२ किलो इंधन दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. नळीतून बाहेर येण्यापूर्वी त्याचा वायू होतो. भाचीला हे सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना. आई म्हणाली, “अगं, सिलिंडर हलवून बघ ना. आत पाणी हिंदकळल्यासारखं वाजतं.” इतकी वर्षे ती सिलिंडर किती उरला हे त्या आवाजावरून ओळखत आली होती. द्रव आणि वायू यांतला फरक तिच्या कानाला ठाऊक होता.

मग शब्दांची एक वेगळीच वही सुरू झाली. पुस्तकात अवस्थाबदलासाठी मोजके शब्द होते: वितळणे, गोठणे, बाष्पीभवन, संघनन, संप्लवन. आईच्या बोलण्यातून जे शब्द येत गेले त्यांची यादी दोन पाने झाली. तूप थिजते, पाणी गोठते, रक्त साकळते. मेण वितळते, साखर विरघळते, उन्हाळ्यात गूळ पाघळतो. दूध आटते, खीर आळते, पाक मुरतो, कापूर उडतो. पुस्तकातील ‘गोठणे’ या एका क्रियेचे आईजवळ निदान तीन शब्द आहेत आणि ती त्यांची कधीही अदलाबदल करत नाही. ‘पाणी थिजले’ असे तिच्या तोंडून मी ऐकलेले नाही. थिजण्यात तुपा-तेलाचा मंद, हळूहळू घट्ट होत जाण्याचा भाव आहे. गोठण्यात काठिण्य आहे.

या भेदामागे केवळ बोलण्याची सवय नाही. बर्फाला शून्य अंश हा एक नेमका द्रवणांक आहे. तूप अनेक निरनिराळ्या स्निग्ध द्रव्यांचे मिश्रण असल्याने ते एका ठरावीक अंशाला वितळत नाही, टप्प्याटप्प्याने सैल होत जाते. म्हणून रवाळ तुपात कणीही असते आणि तेलकट द्रवही असतो. घट्ट आणि पातळ एकाच बरणीत नांदतात. पुस्तकातला ‘वितळणे’ हा शब्द बर्फाला चपखल बसतो. तुपाला ‘पाघळणे’ हाच शब्द जास्त खरा आहे.

‘वितळणे’ आणि ‘विरघळणे’ यांची मात्र फारकत करून घ्यावी लागली. घरोघरी ‘बर्फ विरघळला’ असे सर्रास म्हटले जाते. बोलीभाषेत ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे काही अडत नाही. विज्ञानात मात्र अडते. चहात साखर विरघळते, कारण तिथे साखरेला सामावून घेणारे दुसरे द्रव्य आहे. कोरड्या कढईत साखर तापवली तर ती वितळते, तिला कुणाची सोबत लागत नाही. पुढे ती तांबूस होऊन तिचा कॅरॅमल होऊ लागतो, ती गोष्ट निराळी. तिथे अवस्था बदलत नाही, पदार्थच बदलतो. शास्त्राची परिभाषा बोलीतल्या शब्दांमधूनच असे शब्द निवडते आणि त्यांच्याभोवती कुंपण घालते. कुंपण कुठे आहे हे कळले की शब्दांचे भय वाटेनासे होते.

‘वाफ’ या शब्दाने तर आमची एक संध्याकाळ घेतली. चहाच्या किटलीच्या तोंडातून पांढरा लोट निघतो त्याला आपण वाफ म्हणतो. पण पाण्याचा वायू दिसत नाही, तो हवेसारखाच पारदर्शक असतो. तोटीच्या अगदी तोंडाशी पाहा, तिथे बोटभर जागा रिकामी दिसते. खरी वाफ ती. पुढे जो पांढरा ढग दिसतो तो गार हवेत पुन्हा पाणी झालेल्या सूक्ष्म थेंबांचा असतो, म्हणजे द्रव. शास्त्राने त्या न दिसणाऱ्या वायूसाठी ‘बाष्प’ हा शब्द घेतला. आता मौज अशी, की ‘वाफ’ आणि ‘बाष्प’ हे मुळात एकच आहेत. संस्कृतातील ‘बाष्प’ प्राकृतात ‘बप्फ’ झाला आणि मराठीत ‘वाफ’ झाला. एक शब्द लोकांच्या तोंडी झिजत स्वयंपाकघरात आला, दुसरा ग्रंथात जसाच्या तसा राहिला आणि कित्येक शतकांनी शाळेच्या पुस्तकात दोघांची गाठ पडली, तेव्हा एकाने दिसणारे वाटून घेतले आणि दुसऱ्याने न दिसणारे. संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रूही. तुम्ही भाषेच्या इतिहासात तत्सम आणि तद्भव शब्द शिकाल तेव्हा ही जोडी लक्षात ठेवा.

द्रवरूपतेचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला होता, हेही इथे नोंदवले पाहिजे. वैशेषिकांनी ‘द्रवत्व’ हा एक गुण मानला आणि त्याचे दोन प्रकार केले. पाण्याचे द्रवत्व स्वाभाविक. तूप, लाख किंवा सोने यांचे द्रवत्व अग्नीच्या संयोगाने येणारे, म्हणजे नैमित्तिक. हे वर्गीकरण बारकाईच्या निरीक्षणातून आले आहे. तरी त्याला एक मर्यादा पडली. उष्ण देशात राहणाऱ्याला पाणी सहसा वाहतानाच दिसते, म्हणून पाण्याचे वाहणे स्वाभाविक वाटते. वास्तविक पाणीही उष्णतेमुळेच द्रव आहे. उष्णता काढून घेतली की त्याचा दगड होतो. आपण कुठे उभे राहून पाहतो आहोत, हे आपल्या वाक्यात नकळत शिरते. हा मुद्दा जरा ध्यानात असू द्या, कारण लवकरच तो आमच्याही घरात उभा राहणार होता.

प्रकल्पासाठी आम्ही प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून एक साधी तापमापी आणली, उणे १० ते ११० अंशांची. घरातला ताप पाहायचा थर्मामीटर या कामाचा नाही. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपर्यंतच मोजतो आणि उकळत्या पाण्यात घातला तर फुटतो. बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने कुटला, स्टीलच्या पेल्यात भरला, पेला कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला आणि मुलगी ढवळत ढवळत दर दोन मिनिटांनी आकडा लिहू लागली. शून्य. शून्य. शून्य. पेल्यात पाणी वाढत होते, बर्फ कमी होत होता, बाहेरच्या पातेल्यातले पाणी गार पडत चालले होते आणि आकडा जागचा हलत नव्हता. सहाव्या शून्यानंतर तिने जाहीर केले, की तापमापी बिघडली आहे.

मला विचाराल, तर या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोलाचा क्षण हाच होता. उष्णता दिली की तापमान वाढते, ही आपली पक्की समजूत असते. इथे उष्णता तर जात होती, बाहेरचे पाणी गार होत होते हाच त्याचा पुरावा. मग ती गेली कुठे? शेवटचा बर्फाचा तुकडा नाहीसा झाला आणि आकडा चालू लागला: दोन, पाच, नऊ. तापमापी ठीक होती. स्थायूची घडी मोडण्यातच सारी उष्णता खर्च होत होती. तापमान वाढवायला ती उरतच नव्हती. एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचे पाणी करायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते आणि तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते! ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात ही लपलेली उष्णता ओळखली. आपल्या पुस्तकात तिला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. परिभाषेतला इतका सुंदर शब्द क्वचित सापडतो. पण ती बारा शून्ये स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय त्यातला ‘अप्रकट’ कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी उकळायला ठेवले. तापमापी बुडाला टेकू नये म्हणून ती मी वरून धरली होती. आकडा चढत ९८वर आला आणि थांबला. पाणी खळखळ उकळत होते. दहा मिनिटे गेली, ९८. गॅस मोठा केला. बुडबुडे वाढले, ओट्यावर पाणी उडाले, आकडा ९८. आईने गॅस बारीक केला. “उकळी फुटली की मोठा ठेवून काय मिळतं? नुसता गॅस जळतो,” ती म्हणाली. उकळते पाणी अधिक तापत नाही, हे तिला ठाऊक होते; त्याला एखादा नियम लागू असेल हे ठाऊक नव्हते.

भाचीने वहीत लिहिले: १००.

“अगं, पण अठ्ठ्याण्णव दिसतंय ना?” मी विचारले. ती म्हणाली, “पण पुस्तकात शंभर आहे, मामा.” माझी बहीण म्हणाली, “शंभरच लिहू दे रे. उगाच गुण जातील.” दोघींच्याही बोलण्यात तथ्य होते. मी काही बोलण्याआधीच आईने भाजी चिरता चिरता विचारले, “पुस्तकातलं पाणी कुठल्या गावचं गं?”

तिने ते गमतीत विचारले होते की मनापासून, हे मला अजून कळलेले नाही. पण शास्त्राच्या दृष्टीने याहून नेमका प्रश्न विचारता आला नसता. पुस्तकातले पाणी समुद्रकाठचे असते. हवेचा भार जिथे पुरेपूर आहे तिथे ते १०० अंशांना उकळते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाण्याला वाफ होऊन सुटणे सोपे जाते. साधारण ३०० मीटरला एक अंश, असा ढोबळ हिशेब धरला तर पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळले पाहिजे. महाबळेश्वरला ते आणखी लवकर उकळेल. लेहला, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, ते ८८ अंशांच्या आसपास उकळते आणि म्हणून तिथे डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. कुकरमध्ये याच्या उलट घडते. आत दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन मगच उकळते आणि डाळ झटपट शिजते. आमची तापमापी बर्फात नेमकी शून्यावर होती, तेव्हा तिच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती.

मुलीने १०० खोडले, ९८ लिहिले आणि शेजारी पुण्याची उंची लिहिली. माझ्या बहिणीने सुस्कारा सोडला.

वही तपासून आली तेव्हा ९८भोवती लाल वर्तुळ होते आणि बाजूला १०० लिहिलेले होते. मुलगी जेवली नाही. तुम्ही कदाचित हसाल. सातवीतल्या मुलीने एका आकड्यासाठी जेवण सोडावे, ही काही मोठी घटना नव्हे. मला मात्र ती लहान वाटली नाही. तिने जे पाहिले ते लिहिले होते आणि ‘तू पाहिलेस ते खरे नाही’ असे तिला लाल शाईत सांगण्यात आले होते. अशी दोन-चार वर्तुळे पुरतात. मग माणूस पाहणे सोडतो आणि आधी उत्तर विचारतो. महाविद्यालयात माझ्यासमोर बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांना मी असे आलेले पाहिले आहे.

बहीण पालकसभेत शिक्षकांना भेटली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्या वर्गात साठाच्या वर मुले होती आणि वह्यांचा ढीग त्यांनी दोन रात्रींत तपासला होता. उंचीची नोंद त्यांच्या नजरेतून सुटली होती. त्यांनी ते मान्य केले, वर्तुळावर काट मारून सही केली आणि एक सल्लाही दिला. परीक्षेच्या पेपरात १०० लिहावे, कारण तपासणाऱ्याजवळ उत्तरसूची असते. वहीत ९८ राहू द्यावे. मला हा सल्ला पटला नाही आणि त्यावर रागावताही आले नाही. व्यवस्थेत राहून एक माणूस जेवढी जागा करून देऊ शकतो तेवढी त्यांनी करून दिली होती.

तरी प्रश्न उरतोच. ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ या वाक्यात गैर काय आहे? वाक्य म्हणून ते शुद्ध आहे. त्यातली अट तेवढी गळून पडली आहे. ‘प्रमाण वातावरणीय दाबाला’ हे शब्द मूळ विधानात असतात. ते लांब, जड आणि पाठ करायला त्रासदायक, म्हणून कुणीतरी ते सोडून देतो आणि विधान सुटसुटीत होते. पण ती अट म्हणजे त्या वाक्याचा पत्ता आहे. पत्ता काढून टाकला की ते वाक्य कुठल्याच गावचे राहत नाही आणि तरीही सगळ्या गावांवर हक्क सांगू लागते. मुळात शून्य आणि शंभर हे आकडेही निसर्गाने दिलेले नाहीत. अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर ठरवले होते. उलटापालट नंतर झाली. अवस्था तीनच, हेही असेच एक सोयीचे विधान. तारे ज्या प्लाझ्मा अवस्थेत असतात ती चौथी. आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधील संशोधनातून ज्या अवस्थेची दिशा मिळाली, ती प्रत्यक्ष प्रयोगशाळेत साकारायला १९९५ साल उजाडावे लागले.

तुम्ही म्हणाल, की आम्ही मराठीचे विद्यार्थी, आम्हांला हे कशाला? तुमच्या पुढच्याच घटकात ‘स्वनिम’ या संज्ञेची व्याख्या येईल आणि तुमच्यापैकी अनेकजण ती पाठ करतील. दिवसभराचे काम आटोपून, मुलांना झोपवून अभ्यासाला बसणाऱ्याला पाठांतर सोपे वाटते, हे मला समजते. पण एकदा एवढे करून पाहा. ‘हे सारे जग’ असे म्हणा. मग ‘बाबा रे, नीट जग’ असे म्हणा. लिहिताना दोन्ही ‘जग’ सारखेच दिसतात. म्हणताना जीभ कुठे टेकते ते पाहा. पहिल्या ‘ज’ला ती टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांकडे सरकते आणि तेवढ्या सरकण्याने अर्थ बदलतो. स्वनिमाचा तापमापी तुमच्याच तोंडात आहे. तो पाहून लिहिलेले चार ओबडधोबड शब्द मला उत्तरपत्रिकेत सापडतात तेव्हा मी पेन खाली ठेवतो आणि ते पुन्हा वाचतो.

आता कापराचे सांगायचे राहिले. संप्लवनासाठी, म्हणजे स्थायूचा द्रव न होता थेट वायू होण्यासाठी, आमच्याकडे कापूर होता. आईचा ‘उडणे’ हा शब्द वहीत आधीच नोंदलेला होता. कापूर उडू नये म्हणून डबीत मिरे ठेवावेत, असे ती तिच्या आईकडून शिकली होती आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच करत असतील. भाचीने याचीही परीक्षा घ्यायची ठरवली. चार सारख्या बाटल्या, प्रत्येकीत चार वड्या. दोन उघड्या, दोन घट्ट झाकणाच्या. प्रत्येक जोडीतल्या एकीत मिरे. आजीचे ज्ञान आतापर्यंत प्रत्येक वेळी खरे ठरले होते, म्हणून ते न तपासता स्वीकारावे असे तिला वाटले नाही, याचा मला आनंद झाला. पुस्तकाला जो न्याय तोच आजीला.

पंधरा दिवसांनी उघड्या बाटल्यांतल्या वड्या दोन्हीकडे सारख्याच झिजल्या होत्या. झाकणाच्या बाटल्यांतल्या दोन्हीकडे जवळजवळ जशाच्या तशा होत्या आणि काचेच्या वरच्या भागात आतून बारीक पांढरे स्फटिक धरले होते; उडालेला कापूर बाहेर पडायला वाट न मिळून पुन्हा स्थायू झाला होता. मिऱ्यांनी फरक पडलेला दिसला नाही, झाकणाने पडला. भाचीने हे आजीला जरा भीत भीतच दाखवले. आईने चष्मा लावून चारही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, काचेवरचे स्फटिक बोटाने दाखवून “हे बघ, परत आला” असे म्हणाली आणि मग म्हणाली, “मिरे जुने असतील.”

भाचीने तेही वहीत लिहून घेतले आणि नवे मिरे आणायला मला वाण्याकडे पाठवले. दुसरा प्रयोग चालू आहे. देवघरातल्या कापराच्या डबीचे झाकण आई आता घट्ट लावते. आतले मिरे तिने काढलेले नाहीत.